दसऱ्याचं पितळ

३ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून ऑफिसात माझ्याकडे बंदुका आल्या. बंदुका म्हणजे बंदुकांचे रिव्ह्यू. आमची कंपनी अमेरिकेतल्या दुकानांसाठी गिऱ्हाइकांची मतं वाचते आणि त्यांचा चार ओळींत गोषवारा करून देते. चौकटीचं नाव ‘मालकांचे अनुभव’. गोषवारा मशीन करतं आणि मशीनने काय दिवे लावले ते मी बघतो. आजवर माझ्याकडे प्रेशर कुकर, गाद्या आणि कुत्र्यांचं खाणं होतं. आता रायफलची ड्रम मॅगझिन.

अनघाने बॉसला सरळ सांगितलं, “सर, मी हे वाचणार नाही. मला झोप लागायची नाही.” आणखी दोघांनीही अंग काढून घेतलं. मग बॉस माझ्याकडे वळून म्हणाला, “निशिकांत, यू आर न्यूट्रल.” बावीस वर्षांच्या नोकरीत माझं इतकं नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

दिवसभर वाचून जे कळलं ते असं. मॅगझिन म्हणजे रायफलीत गोळ्या भरायचा डबा. साध्या डब्यात तीस मावतात, ड्रममध्ये शंभरपर्यंत. दिसायला आपल्या मसाल्याच्या डब्यासारखा गोल. तक्रारी: जड आहे, खुळखुळतो, भरताना अंगठा दुखतो, शेवटच्या गोळ्या अडकतात. कौतुक: मजा येते. ‘मजा’ हा शब्द कुकरच्या रिव्ह्यूंत मला एकदाही भेटला नव्हता.

घर शांत आहे. यशोधन नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेला, गेला त्याला आठवडा होईल. आम्ही इथे कायम राहायचा परवाना, पीआर, घेतला तेव्हा तो चार वर्षांचा होता. सही आम्ही केली, केस त्याचे कापले गेले. दोन वर्षं गुमान काढायची, मग विद्यापीठात राखून ठेवलेली जागा, मग आम्हा तिघांचा नागरिकत्वाचा अर्ज, असा सगळा बेत आहे. सुलेखा त्याच्या खोलीतला पंखा चालू ठेवते. विचारलं तर म्हणाली, “कुबट वास येतो रे.” बोलायला कोणी नाही म्हणून मी ही डायरी काढली. तो होता तेव्हाही आम्ही फार बोलत होतो असं नाही. भांडण नाही, विषय नाहीत एवढंच.

९ सप्टेंबर, सोमवार

इथल्या मराठी मंडळाच्या साधनाताईंचा फोन. “सुलेखा म्हणाली, तुम्ही हल्ली मॅगझिनचं काम बघता. मग आमच्या दिवाळी अंकाकडे बघा की जरा!” मी समजावायला गेलो, तर म्हणाल्या, “विनय पुरे, निशिकांतराव.” ऑफिसचं काम बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. म्हणून गप्प बसलो आणि संपादक मंडळात जाऊन पडलो. मुखपृष्ठ कसलं असावं यावर अर्धा तास चर्चा झाली.

१४ सप्टेंबर, शनिवार

यशोधन पहिल्यांदा घरी आला. काळवंडलाय, मानेवर पुरळ आहे. सुलेखाने पुरणपोळ्या केल्या. त्या त्याने उभ्यानेच खाल्ल्या, कोणीतरी ताट काढून घेईल अशा घाईने. मी विचारलं, “कसं आहे तिकडे?” तो म्हणाला, “ओके.” “जेवण?” “ओके.” “मुलं?” “ओके ला, बाबा.” ‘ला’ हे इथल्या बोलीचं शेपूट. आमचा संवाद नेहमी इथेच संपतो.

मग, का कोण जाणे, मी विचारलं, “तुमच्या मॅगझिनमध्ये तीसच ना? शेवटच्या गोळ्या अडकतात का?”

त्याने पोळी खाली ठेवली. “बाबा, तुला कसं माहीत?”

ऑफिसचा नियम मोडला, पण मुलगा पाऊण तास बोलला. स्प्रिंग कशी असते, वाळू गेली की काय होतं, रायफल डोळे मिटून कशी सुटी करायची, हे सगळं त्याने लाटणं हातात घेऊन दाखवलं. सुलेखा दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. नंतर म्हणाली, “तुम्ही दोघं एवढं बोललात ते विषय कसला, तर बंदुका.” मी म्हटलं, विषय आपण निवडत नाही, बॉस निवडतो.

२८ सप्टेंबर, शनिवार

यशोधन आला की बूट काढता काढता विचारतो, “बाबा, या आठवड्यात काय वाचलंस?” मीही आठवडाभर त्याच्यासाठी चार-दोन बाजूला काढून ठेवतो. एकाने ड्रमला बायकोचं नाव दिलंय, कारण दोन्ही भारी पडतात. एकाला तो शोभेला हवाय. यशोधन हसत होता.

जेवताना एक अडचणीचं प्रकरण सांगितलं. कोणी बाप लिहितो की मुलाला पहिल्यांदाच नेमबाजीच्या रेंजवर नेलं, ड्रम अर्ध्यात अडकला, सगळा दिवस वाया गेला. मालाला दोन तारे. पण, तो लिहितो, पहिल्या गोळीची रिकामी पुंगळी मुलाने गवतातून शोधून माझ्या हातावर ठेवली. ती माझ्या टेबलावर आहे. म्हणून एक तारा जास्त. मी म्हटलं, “आता हा तिसरा तारा मी कुठे मांडू? तो मालाचा नाही. नियमाप्रमाणे गाळायला हवा. पण वाचायला बरं वाटतं खरं.”

“बरं वाटतं म्हणजे?” यशोधनने विचारलं.

“म्हणजे बरं वाटतं. कोणत्याही बापाला वाटेल.”

तो म्हणाला, इकडे असलं चालत नाही. एकेक पुंगळी मोजून परत करतात. शेवटी रांगेत उभं राहून प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने ओरडून सांगावं लागतं की माझ्याजवळ गोळी नाही, रिकामी पुंगळी नाही. अमेरिकेतली माणसं त्या खराट्याने झाडून काढतात आणि इथे बाळगली तर गुन्हा. पळसाला पानं तीन म्हणतात, पण प्रत्येक गावाचा झाडू निराळा दिसतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी अंकासाठी साधनाताईंना ‘प्रेशर कुकर: मालकांचे अनुभव’ असा लेख दिला. त्यांना तो विनोदी वाटला. मी तो गंभीरपणे लिहिला होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

यशोधनचा मेसेज: “रेंज डन. शॉट ओके.” मी अंगठा पाठवला. सुलेखाने फोन करून त्याला विचारलं, “दसऱ्याला येतोयस ना? शस्त्रपूजेत तुझं काय ठेवू?” तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सगळं क्रमाने लिहितो.

सुलेखाने काल तेका मार्केटमधून झेंडू आणला होता. सकाळी चौरंग मांडला. त्यावर सुरी, कात्री, ड्रिल मशीन, बँकेत नोकरी करणारी म्हणून तिचा कॅलक्युलेटर, आणि मधोमध माझा लॅपटॉप ठेवायचा होता. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत. यशोधन लहान असताना शाळेतल्या पिवळ्या कागदाची पानं कापायचा आणि मजल्यावर दारोदार सोनं वाटत फिरायचा. सगळ्यात मोठं पान माझं असायचं. पलीकडच्या मिसेस लिमच्या फ्रिजवर त्याचं एक पान वर्षानुवर्षं चिकटलेलं होतं. सेकंडरी शाळेत गेला आणि ते बंद झालं. मुलं मोठी होतात, त्यात विशेष काही नाही.

मी चष्मा काढून लॅपटॉप पुसत होतो. यशोधन आंघोळ करून आला, समोर उभा राहिला आणि लॅपटॉपच्या झाकणावर, चष्म्याशेजारी, काहीतरी ठेवलं. “बाबा, हे घे.”

चष्मा लावून पाहिलं तर पितळेची पुंगळी, करंगळीएवढी, घासून घासून लखलखीत केलेली.

मी म्हटलं, “वा! पूजेला खरंखुरं शस्त्र आणलंस की. सुलेखा, ही घे, चौरंगावर ठेव.” त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मग म्हणाला, “ओके.” सुलेखाने पुंगळीला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. श्रीखंड छान जमलं होतं.

जेवण झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. विचारलं, “पण मोजणीत एक कमी नाही भरली?”

तो श्रीखंडाच्या वाटीत बघत बोलला. कमी भरली. सगळ्यांना गवतात रांगत शोधायला लावलं, अंधार पडेपर्यंत. तोही रांगला, पुंगळी बुटात ठेवून. आधी उचलली ती गंमत म्हणून आणि मग सांगायचा धीरच झाला नाही. शेवटी रांगेत उभं राहून तोही सगळ्यांसारखा ओरडला की माझ्याजवळ काही नाही. आता रेंजवर शेजारच्या लेनमधून नेम धरणाऱ्या फरीदला सोमवारी पुन्हा विचारणार आहेत.

विद्यापीठातली जागा, नागरिकत्व, सगळं एका करंगळीएवढ्या नळीत जाऊन बसलं. मी उठलो, चौरंगावरून पुंगळी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट तळाशी टाकायच्या चूटचं झाकण उघडलं. बाराव्या मजल्यावरून खाली गेली की गेली. त्याने माझं मनगट धरलं. हातात ताकद आली आहे त्याच्या.

“कॅनॉट ला, बाबा. अँड फरीद?”

“फरीदकडे नाहीच आहे, तर मिळणार काय? चार दिवसांत विसरतील.”

“आय सेड इट आउट लाउड, बाबा. सगळ्यांसमोर. मी परत देतो.”

“म्हणजे आपण होऊन हात दाखवून अवलक्षण!”

सुलेखा वाट्या गोळा करता करता थांबली. ती म्हणाली, “अवलक्षण होऊन गेलंय, निशी. देऊ दे त्याला परत.”

“तूच विचारलंस ना त्याला, पूजेत काय ठेवू म्हणून?”

“अरे, मी त्याच्या बुटांचं म्हणत होते!”

मी यशोधनला विचारलं, “पण घेतलीस कशाला? नेमकं कशाला?” त्याने चौरंगावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. म्हणाला, “डोंट नो.” एवढा शिकलेला मुलगा आणि त्याला स्वतःचं कारण सांगता येत नाही. मी रागावलो, वाटेल ते बोललो. ते इथे लिहीत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी पुंगळी भांडी घासायच्या साबणाने धुतली. देवाचं काही लागलेलं दिसलं तर उगाच आणखी प्रश्न. तळाच्या खोबणीतलं कुंकू मात्र निघेना, म्हणून टूथपिक घेऊन बसलो. सुलेखाने ती हातातून काढून घेतली. “निशी, पितळ उघडं पडलंय, आता धुऊन काय होणार?” वाक्य चांगलं होतं. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी त्याच्याबरोबर पासिर रिस स्टेशनपर्यंत एमआरटी मेट्रोने आणि तिथून बसने, त्यांच्या बेटावरच्या छावणीला जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावर गेलो. डब्यात त्याच्यासारखीच तासलेल्या डोक्यांची पोरं होती. एक माय त्यातल्या एकाला संत्रं सोलून देत होती आणि तो लाजत होता.

धक्क्यावर यशोधन म्हणाला, “तू इथूनच जा, बाबा. नाहीतर त्यांना वाटेल तू मला फोर्स केलंस.” म्हणजे पुंगळी परत करायला मीच लावलं, हा फुकटचा चांगुलपणाही तो मला मिळू देणार नव्हता. मी शेवटचा प्रयत्न म्हणून हात पुढे केला. “दे इकडे. मी समुद्रात टाकतो. आपल्या तिघांपलीकडे कोणाला कळणार नाही.”

त्याने माझ्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं. मग तो हात हातात घेऊन हलवला, मोठी माणसं निरोप घेताना हलवतात तसा, आणि आत गेला. मी तसाच उभा राहिलो. भीती वाटत होती. अजून वाटते आहे.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात असताना फोन आला. त्याचा प्लॅटून कमांडर, लेफ्टनंट ओंग. आवाज कोवळा, यशोधनहून फार तर दोन-चार वर्षांनी मोठा असेल. मला ‘अंकल’ म्हणाला. यशोधनने पुंगळी आणून दिली, सगळं कबूल केलं, चौकशी होईल, घाबरू नका. एक गोष्ट फक्त समजून घ्यायची आहे.

“अंकल, मी विचारलं का घेतलीस, तर तो म्हणतो, इट्स गोल्ड. आम्ही तपासलं. इट्स ब्रास, अंकल.”

मी म्हटलं, थांबा, मी सांगतो. आणि जिन्यात उभा राहून त्याला शस्त्रपूजा समजावली. आमच्यात या दिवशी हत्यारांची पूजा करतात, माझा लॅपटॉप, बायकोचा कॅलक्युलेटर, खोबणीत लाल दिसेल ते कुंकू, पवित्र असतं. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“नो, अंकल. प्रेअरचं तो काहीच बोलला नाही. तो म्हणाला, या दिवशी मुलगा वडिलांना सोनं देतो. लहानपणी तो दरवर्षी द्यायचा. मग बरीच वर्षं दिलं नाही. तसं असतं का? मला रिपोर्टमध्ये लिहायचंय.”

जिन्यातून खालच्या मजल्यावरचं कोणीतरी वर येत होतं. त्यांना वाट दिली. मग म्हटलं, “येस. दॅट इज करेक्ट.”

“अँड यू टुक इट?”

मी म्हटलं, नाही. मला कळलं नाही. मी ते पूजेत ठेवलं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तीन ताऱ्यांच्या त्या रिव्ह्यूवर मशीनने खूण केली आहे: ‘मालाशी संबंध नाही, गाळावा.’ नियमाने मशीन बरोबर आहे. मी खूण काढून तारा ठेवला. अनघाने स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, “सर, हा का ठेवला?” मी म्हटलं, मालकाचा अनुभव आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

निकाल लागला. सैन्यातल्या सैन्यात शिक्षा, कोर्ट नाही. काही आठवडे घरी सोडणार नाहीत, दिवाळी तिकडेच. पुढच्या लीडरशिप कोर्ससाठी त्याचं नाव निघालं होतं, ते रद्द. स्वतःहून आणून दिली म्हणून एवढ्यावर भागलं, असं लेफ्टनंट ओंग म्हणाला. ऐकलं असतं माझं तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही. विद्यापीठाला कळवणार का, नागरिकत्वाच्या अर्जात हे येणार का, ते कोणी सांगत नाही. फरीदला त्याने सगळ्यांदेखत सॉरी म्हटलं. फरीद म्हणे तीन दिवस बोलला नाही, चौथ्या दिवशी त्याने स्वतःचं बिस्किट दिलं.

सुलेखा देवापुढे थोडी रडली. मी बाहेर बसून राहिलो. मला त्याचा अभिमान वाटतो. हे त्याला सांगायला हवं, डायरीला नव्हे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

साधनाताईंचा दिवाळी अंक आला. माझा कुकर बाविसाव्या पानावर आहे. सुलेखाने चकल्यांचा डबा यशोधनसाठी बाजूला काढून ठेवला आहे. चकल्या रोज मऊ पडताहेत, तरी ती डबा उघडू देत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

यशोधन आज आला. बारीक झालाय. सुलेखाने ओवाळलं, चकल्या पुढे ठेवल्या. त्या मऊ होत्या, तरी “क्रिस्पी, आई” म्हणाला. बूट काढून कोपऱ्यात नीट ओळीत लावले. ‘काय वाचलंस’ असं विचारलं नाही.

मी दोन दिवस ऑफिसच्या पिवळ्या कागदावर आपट्याचं पान कापायचा सराव करत होतो. जमलं नाही. दर वेळी वांगं तरी होई, नाहीतर कान. आणि सोनं धाकट्याने थोरल्याला द्यायचं असतं, मी देऊन उपयोग काय. तेव्हा कागद खिशातच ठेवला.

तो सोफ्यावर बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि हात पुढे केला.

“आता काय?” तो म्हणाला.

“माझं सोनं राहिलंय.”

त्याने मान वर केली. पुरळ गेलं आहे, मानेवर डाग राहिलेत. “नाहीये, बाबा. त्यांनी ठेवून घेतलं.”

“माहीत आहे. तरी दे.”

सुलेखा स्वयंपाकघरातलं पाणी बंद करून दारात आली. यशोधन उठला. त्याने रिकामी मूठ माझ्या तळहातावर टेकवली आणि हळूच उघडली. लहानपणी म्हणायचा तसंच, एका दमात, म्हणाला, “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.”

मी मूठ मिटून घेतली. या वेळी घेतलं.